महिनाभर काही सांगू नकोस

चष्मेवाला पहाटे उठला की सगळं घर मुकं व्हायचं. नळ बारीक सोडायचा, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही, शिवणयंत्राला तर हातच लावायचा नाही, कारण आतल्या खोलीत तोरेचा, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाचा, अभ्यास चालू असे. चष्म्यांचं दुकान उघडण्याआधी एक बैठक आणि दुकान बंद झाल्यावर दुसरी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याची एखादी बैठक चुकल्याचं त्याच्या बायकोला आठवत नव्हतं. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, तिची आई गेली तो दिवस असो, वेळ झाली की हा माणूस खोलीत आणि दार बंद. प्रार्थनाघरात बायका तिला म्हणायच्या, “भाग्यवान आहेस बाई, तुझ्या घरी तोरा नांदते.” ती मान डोलवायची. नांदते खरी, पण सवत नांदावी तशी नांदते, हे ती मनातच ठेवायची.

ती घरीच कपडे दुरुस्त करून द्यायची. पँटची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, तुटलेली चेन काढून नवी बसवणं, असली कामं. लोकांची पोटं सुटतात, मुलं उंच होतात, त्यामुळे कामाला कधी तोटा नव्हता. यंत्र बाहेरच्या खोलीत खिडकीशी होतं आणि यंत्राच्या फळीवर तिचा मोबाइल. चष्मेवाला स्वतः मोबाइल वापरत नसे. फोन माणसाचा वेळ खातो आणि वेळ तोरेचा असतो, असं त्याचं म्हणणं. वेळ खाणाऱ्या गोष्टींची त्याची यादी लांबलचक होती, आणि त्या यादीत आपण नेमक्या कितव्या, हे बाईंनी कधी विचारलं नाही.

गेली काही वर्षं तो एका गटात होता. तोरेवर जुन्या पंडितांनी जे वाद घातले, त्यांचे जाडजूड खंड आहेत. त्यातलं रोज एक पान, दोन्ही बाजूंनी, न चुकता वाचायचं, अशी गटाची शिस्त. या चालीने सगळे खंड संपायला सात वर्षांहून जास्त लागतात. आता ते संपत आले होते आणि समाप्तीचा मोठा समारंभ ठरला होता. शेवटच्या ओळी सगळ्यांसमोर वाचण्याचा मान कोणाला द्यायचा, यावर बरीच वादावादी झाली. ज्याचं एकही पान चुकलेलं नाही त्याला द्यावा, असं ठरलं. असे दोघेच निघाले, एक चष्मेवाला आणि दुसरा औषधांचा दुकानदार. चष्मेवाला वयाने मोठा, म्हणून मान त्याला मिळाला. औषधवाल्याने हसून हात मिळवला. “सांभाळून राहा हं, एखादं पान चुकलं तर मी आहेच,” असं म्हणायलाही तो विसरला नाही.

त्या दिवशी चष्मेवाल्याने कपाटातून लग्नातला कोट काढून बायकोसमोर टाकला. “समारंभासाठी अंगाला बसव,” तो म्हणाला. कोटाला हात लावायलाही ती पुढे झाली नसेल, तेवढ्यात खोलीचं दार बंद झालं.

चष्मेवाल्याला एक धाकटा भाऊ होता. दुसऱ्या शहरात, रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. शहरातली बस चालवण्यात त्याची हयात गेली होती. बायको कधीच वारली होती, घरात एक मुलगी. माणूस लाख, पण डोकं सावकाश चालायचं. एके काळी हे दोघे भाऊ रोज संध्याकाळी फोनवर तोरा शिकायचे. इकडे याच्यासमोर एक पान, तिकडे त्याच्यासमोर तेच पान. अभ्यास जोडीनेच करायचा असतो, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने अडवायचं, ही त्यांच्यातली जुनी रीत. धाकटा अडवण्यात पटाईत. प्रत्येक गोष्टीत त्याला आपली बस दिसायची.

सापडलेल्या वस्तूंचं प्रकरण लागलं तेव्हा तर त्याला ऊत आला. बसमध्ये रोज काही ना काही सापडायचं त्याला, छत्र्या, मोजे, एकदा तर कुणाची तरी कवळी. नियम साधा होता. हरवलेल्या वस्तूची मालकाने आशा सोडली, की ती सापडणाऱ्याची. पण धाकटा तिथे घोडं अडवून बसला. “समज दादा, एक बाई छत्री विसरून बसमधून उतरली. घरी गेली, स्वयंपाकाला लागली. छत्री हरवली हे तिला ठाऊकच नाही. ठाऊक असतं तर ‘गेली’ म्हणून तिने नाद सोडला असता. पण ठाऊकच नाही! मग छत्री अजून तिची, की माझी?”

“उद्या सांगतो,” दादा म्हणाला होता.

तो उद्या उगवलाच नाही. त्याच आठवड्यात चष्मेवाला गटात गेला आणि भावाला त्याने फोनवर स्पष्ट सांगून टाकलं. “धाकट्या, तू एका पानाला महिना लावतोस. मला सगळे खंड संपवायचेत. तुझ्या छत्रीपायी माझं आयुष्य जायचं.”

“बरोबर आहे दादा,” पलीकडून धाकटा म्हणाला होता. तो रुसलाही नाही. रुसला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना त्या दिवशी वाटलं होतं.

समाप्तीला महिना आणि वर थोडे दिवस उरले असताना पुतणीचा फोन आला. तिच्या बाबांना इस्पितळात हलवलं होतं. छातीत पाणी झालं होतं आणि डॉक्टर म्हणत होते, दोन दिवस काढले तरी खूप. बाईंनी नवऱ्याला जेवतानाच सांगितलं. त्याचा हातातला घास हातातच राहिला. त्याचे डोळे भरून आले, हे तिने स्वतः पाहिलं. कोणी काहीही म्हणो, भरून आले होते. त्याने पाणी प्यायलं, हात धुतले आणि घड्याळाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो आत बसलेला असताना, फोन वाजला. बाईंनी उचलला.

“वहिनी, मी बोलतोय. अजून आहे गं मी.” धाकट्याचा आवाज खोल गेला होता, पण त्यात हसू होतं. “डॉक्टरांना तोंडघशी पाडलं. नर्स म्हणते, घरी जा, उगाच खाट अडवू नका.”

बाई रडल्या. हसता हसता रडल्या. दादाला सांगते म्हणाल्या, फोन ठेवला आणि बाहीने डोळे पुसत होत्या, तेवढ्यात आतलं दार उघडलं. पान संपलं होतं. चष्मेवाल्याने तिच्या हातातला फोन पाहिला, ओला चेहरा पाहिला आणि पांढराफटक पडला.

“अहो,” ती म्हणाली, “भाऊजी…”

त्याने तळहात वर केला. “नाही. एक शब्द बोलू नकोस.”

“अहो, पण ऐका तरी.”

“ऐकायचंच नाहीये मला!” तो जवळजवळ ओरडला. मग भिंतीला टेकून, खालच्या आवाजात, मुलाला गणित समजावून सांगावं तसं त्याने तिला सांगितलं. भाऊ गेल्याची बातमी माणसाला ताजी कळली, तर सात दिवस ठेंगण्या स्टुलावर बसून शोक करायचा. त्या सात दिवसांत तोरा उघडायची नाही, कारण तोरेने मन आनंदतं आणि शोकात आनंद नको. सात दिवस म्हणजे सात पानं. सात पानं चुकली की मान गेला औषधवाल्याकडे. पण हीच बातमी तीस दिवस उलटून गेल्यावर कळली, तर? तर फक्त घटकाभर बसायचं. बसायचं, उठायचं, कामाला लागायचं. आणि बातमी सांगायचं बंधन घरातल्या कोणावर नाही. न सांगण्यात पाप नाही.

“तू मला काही सांगितलं नाहीस,” तो म्हणाला. “मी काही ऐकलं नाही. महिनाभर काही सांगू नकोस. तिकडचा फोन आला तर तू घे, मी अभ्यासात आहे म्हण. ते काही खोटं नाही. समाप्तीच्या दिवशी सकाळी मीच विचारीन. घटकाभर बसेन, आणि सगळ्यांसमोर ती समाप्ती त्याच्या आत्म्याच्या नावे अर्पण करीन. याहून मोठं काय देणार कोणी भावाला?”

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. हा माणूस रडत होता. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तोंडाने दिवस मोजणं चालू होतं.

“अहो, नीट ऐका, भाऊजी…”

“अगं!” तळहात पुन्हा वर. “तो गेला तो गेला. मी आज कळवून घेतलं काय आणि महिन्याने काय, त्याला आता फरक पडत नाही. मला पडतो.”

तो तळहात बाईंना चांगला ओळखीचा होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले होते. एका सकाळी पोटात अशी कळ आली की ती भिंत धरत धरत त्या दारापर्यंत गेली आणि तिने दार ढकललं. आत हाच माणूस, समोर पान, आणि मान न वळवता वर झालेला हाच तळहात. थांब. नवी नवरी होती, ती थांबली. त्याचं पान संपेपर्यंत दाराशी उकिडवी बसून राहिली. पोटातल्या जिवाला थांबता आलं नाही. पुन्हा कधी दिवस गेले नाहीत. नंतर इस्पितळात तो हात धरून ढसाढसा रडला होता आणि म्हणाला होता, “ओरडायचंस ना तू! जीव वाचवायला तोरा बाजूला ठेवावीच लागते. नियमच आहे. तू ओरडली असतीस तर मी उठलो असतो.”

म्हणजे चूक तिचीच होती. ती ओरडली नाही.

आताही एक शब्द ओरडला असता तर काम झालं असतं. जिवंत आहेत. दोन शब्द धरा. ते तिच्या ओठांवर आले होते. चष्मेवाला कान बंद करून उभा नव्हता, पळून गेला नव्हता, समोर उभा होता. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. “बरं,” ती म्हणाली. “तुम्ही विचारल्याशिवाय नाही सांगणार.” त्याने सुटकेचा श्वास सोडला, तिच्या खांद्यावर थोपटलं, आणि दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघून गेला.

पहिल्या दिवशी तिने स्वतःची समजूत घातली, की संध्याकाळपर्यंत आपला राग निवळेल, मग सांगू. संध्याकाळी तो गटातून आला तेव्हा डोळे लाल होते, पण चालणं हलकं होतं. गटात त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. जेवताना उगाचच धाकट्याच्या लहानपणीची एक गोष्ट सांगितली, झाडावरून पडल्याची. सांगताना प्रत्येक वाक्यात “होता” म्हणाला. मनातल्या मनात त्याने भावाला पुरूनही टाकलं होतं. बाईंनी वाढायचा डाव भांड्यात परत ठेवला. मनातच म्हणाल्या, राहू दे. पुरलंत ना, आता पुरलेलाच राहू दे.

धाकटा घरी आला, अंथरुणाला खिळला, पण जिभेला काही झालं नव्हतं. तो रोज फोन करायचा. दुपारी, चष्मेवाला दुकानात असताना, आणि संध्याकाळी, तो आत बसलेला असताना.

“दादा आहे का?”

“अभ्यासाला बसलेत, भाऊजी.”

“बसू दे, बसू दे. तोरेतून माणसाला उठवू नये.” मग थोडं थांबून, “वहिनी, एवढंच विचार त्याला, एखाद्या दिवशी अर्धा तास मिळेल का? ते छत्रीचं पान आमचं अर्धवट राहिलंय. मी रोज वाचतो ते. पुढचं पान काही उलटलं नाही मी. जोडीने सुरू केलेलं पान एकट्याने कसं संपवायचं?”

सात वर्षं हा माणूस एकाच पानावर बसून होता. इकडे दादा रोज एक याप्रमाणे पानं गिळत होता, आणि तिकडे हा रोज तेच पान उघडून, तोच नियम वाचून, त्याच बाईची तीच छत्री हातात घेऊन वाट बघत होता. दोघांनीही एक दिवस चुकवला नव्हता. कोणाच्या अभ्यासाला अभ्यास म्हणायचं, असं बाईंच्या मनात आलं, आणि त्यांना हसू आलं. हसू काही चांगलं नव्हतं.

एका दुपारी तिनेच विचारलं, “मला तरी सांगा, भाऊजी, काय आहे ते पान?”

तो दचकला असावा. मग खोकला, पान पुढे ओढल्याचा आवाज आला, आणि त्याने वाचायला सुरुवात केली. फोन खांद्यात आणि गालात धरून, हातात कोट घेऊन, बाई ऐकत राहिल्या. नवऱ्याच्या बंद दारातून आयुष्यभर नुसता सूर ऐकला होता. आत नेमकं काय चाललेलं असतं, हे तिला कोणीही, एकदाही सांगितलं नव्हतं. तिला वाटलेलं, देवाधर्माच्या मोठाल्या गोष्टी असतील. आणि हे तर छत्र्यांबद्दल निघालं! बाजारात सांडलेली नाणी, रस्त्यात पडलेले भारे, शेजाऱ्याचं भरकटलेलं गाढव. तिच्या यंत्राशी रोज येणाऱ्या कपड्यांबद्दल होतं ते. कोटाच्या अस्तरात लोक काय काय विसरतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

“समजा,” ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, “अस्तरात अंगठी सापडली. गिऱ्हाइकाला पत्ताच नाही की अंगठी हरवलीय. त्याने आशा सोडलेलीच नाही, मग ती माझी कशी होईल?”

“वा!” पलीकडून धाकटा खूश. “पण तो म्हणेल ना, की कळलं असतं तर सोडलीच असती!”

“कळलं असतं तर! पण कळलं नाही ना?”

“थांब, थांब, मला विचार करू दे.” आणि तो खरंच विचार करायचा, इतका वेळ की फोन कट झाला की काय असं वाटावं. “छान अडवतेस गं वहिनी. पण याचं उत्तर आपल्या दोघांना नाही जमणार. ते दादालाच येतं. एकदा त्याच्या तोंडून ऐकलं की मी पान उलटायला मोकळा.”

आता खरं ते सांगून टाकायला हवं. पहिले दोन-चार दिवस बाई गप्प राहिल्या त्या रागाने. पुढचे गप्प राहिल्या त्या लोभाने. दुपार झाली की त्या फोनची वाट बघायच्या. गिऱ्हाइकांना घाईघाईने वाटेला लावायच्या. घरात तोरा नांदते म्हणतात ती आता कुठे बाहेरच्या खोलीत आली होती, यंत्राशी बसली होती, तिच्याशी बोलत होती. नवऱ्याला खरं सांगितलं असतं, तर त्याने लगेच फोन ओढून घेतला असता, पाच मिनिटांत छत्रीचा निकाल लावला असता आणि सगळं संपलं असतं. तिला तो फोन कोणाला द्यायचा नव्हता. एका माणसाला मरण्याआधी एकच गोष्ट हवी होती, ती तिच्या मुठीत होती, आणि तिने मूठ उघडली नाही. भावाला मेलेला समजणारा नवरा वाईट, हे तर खरंच. पण त्याला निदान तो मेलाय असं वाटत होतं.

दिवस सरत गेले तसा धाकट्याचा आवाज विरत गेला. वाक्य सुरू करायचा आणि मध्येच सोडून द्यायचा. एकदा पुतणीने फोन त्याच्या हातातून घेतला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दबक्या आवाजात बोलली. “काकू, बाबा रोज काकांना विचारतात. काकांना रुसवा आहे का काही? एकदा तरी येतील का ते?”

“समाप्ती होऊ दे गं,” बाई म्हणाल्या. “मग येतीलच.” थाप मारताना त्यांचा आवाज जराही हलला नाही.

समाप्तीला दोन-तीन दिवस राहिले असताना संध्याकाळी पुतणीचा फोन आला. ती रडत नव्हती, रडण्याच्या पलीकडे गेली होती. “बाबांना बोलता येत नाहीये. ऐकू येतंय. मी फोन त्यांच्या कानाशी धरते. काकांना म्हणावं, बोलू नका, काही विचारू नका, नुसतं ते पान वाचा. हात जोडते काकू.”

या वेळी मात्र बाई उठल्या. कोट मांडीवरून खाली पडला. फोन हातात घेऊन त्या दाराशी गेल्या आणि थाप मारली. नुसती टकटक नाही, जोरात थाप. आतला सूर थांबला. दार उघडलं. चष्मेवाल्याने तिचा चेहरा पाहिला, चालू फोन पाहिला, आणि त्याचा जबडा आवळला.

“दोन दिवस,” तो दातांतून म्हणाला. “एवढे दिवस कळ काढलीस. शेवटच्या घटकेला माझं सगळं पाण्यात घालू नकोस.”

“अहो, ते…”

दार बंद झालं. आतून कडी लागली. मग सूर पुन्हा सुरू झाला, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत, म्हणजे बाहेरचं काही आत येऊ नये.

“काकू?” फोनमधून आवाज आला. “आहेत ना काका? ऐकू येतंय मला, वाचतायत ते!”

फळीचं दार होतं. ओरडलं असतं तर शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असतं. बाई दाराकडे बघत उभ्या राहिल्या. ओरडायचंस ना तू. एवढ्या वर्षांनी ते वाक्य जसंच्या तसं कानात आलं, आणि त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फोन दारापाशी धरला. आत चष्मेवाला शेवटच्या खंडातलं शेवटून तिसरं पान घोकत होता. छत्रीचं नव्हे, भलतंच कुठलं तरी. धाकट्याला ते कळलं असणार. सात वर्षं जे पान तोंडपाठ झालंय, ते हे नव्हे, एवढं कळायला बोलता यावं लागत नाही. पुतणी मात्र हुंदके देत म्हणाली, “बाबा ऐकतायत, काकू. डोळे मिटून ऐकतायत.”

समाप्तीच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, धाकटा गेला. पुतणीने विचारलं, “काका येतायत ना? उद्या सकाळी लवकर दफन आहे. त्यांच्यासाठी थांबवू का?”

“थांबू नका,” बाई म्हणाल्या.

रात्री चष्मेवाल्याने कोट घालून पाहिला. अंगाला अगदी बेतशीर बसला होता. खांद्यावर, पाठीवर, कुठे सुरकुती नाही. “कसब आहे तुझ्या बोटांत,” तो म्हणाला. एवढ्या वर्षांत तिच्या कामाचं त्याने केलेलं हे पहिलं कौतुक.

सकाळी प्रार्थना आटोपून तो घरी आला. माळ्यावरून ठेंगणं स्टूल स्वतःच काढलं, पुसलं, बाहेरच्या खोलीत ठेवलं. दुपारच्या समारंभासाठी कोट दाराच्या खुंटीवर अडकवला होता. तो स्टुलावर बसला, चपला काढल्या, आणि त्याचे डोळे आपोआप भरले. महिनाभर दाबून ठेवलेलं होतं, आता त्याला रीतसर परवानगी होती.

“सांग,” तो म्हणाला. “धाकटा गेला ना?”

“गेले.”

त्याने सदऱ्याच्या गळ्याला हात घातला. मग आठवून हात मागे घेतला. एवढ्या जुन्या बातमीला कपडा फाडावा लागत नाही. “शांतपणे गेला का?”

“हो.”

“कोणत्या दिवशी? त्याच सकाळी ना, तुला फोन आला तेव्हा?”

“काल,” बाई म्हणाल्या. “काल संध्याकाळी. आज सकाळी पुरलं. आत्ताच माती टाकून झाली असेल.”

त्याला ते समजायला वेळ लागला. भाऊ सावकाश होता म्हणून ज्याने त्याला सोडला, तो स्वतः तोंड उघडं टाकून बसून राहिला. मग एकेक कडी जुळत गेली तशी त्याच्या चेहऱ्यावरची एकेक रेष खाली आली.

“त्या सकाळी…”

“त्या सकाळी ते फोनवर हसत होते. डॉक्टरांना तोंडघशी पाडलं म्हणाले. तुम्हाला तेच सांगायला मी तोंड उघडलं होतं.”

“महिनाभर?”

“रोज फोन करायचे. तुम्हालाच विचारायचे. अभ्यासाला बसलेत म्हटलं की म्हणायचे, उठवू नकोस.”

“तू सांगितलं नाहीस!” तो किंचाळला. “जिवंत आहे, एवढं म्हणायला काय जीभ झडली असती तुझी? एक दिवस! एका दिवसाने…” एका दिवसाने काय, ते त्याने पुरं केलं नाही. भाऊ की मान, नेमकं काय एका दिवसाने हुकलं, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. त्याने गळ्याशी हात नेला आणि सदरा फाडला. ताज्या बातमीला भाऊ फाडतो, तसा. आज, उद्या, आणि पुढचे सगळे दिवस, सात. तिकडे औषधवाला शेवटच्या ओळी वाचणार होता. इकडे याला एक ओळही उघडता येणार नव्हती.

बाईंना वाटलं होतं, या क्षणी फार बरं वाटेल. महिनाभर त्या याच क्षणाची वाट बघत शिवत होत्या. बरं वाटलं नाही. दुपार होणार होती आणि फोन येणार नव्हता, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तो खालमानेने म्हणाला, “काय हवं होतं त्याला?”

“त्या पानाचं उत्तर,” बाई म्हणाल्या. “छत्री हरवलीय, पण बाईला ठाऊकच नाही. मग छत्री अजून तिची, की ज्याला सापडली त्याची? तुम्हीच सांगू शकाल म्हणायचे. मलाही माहीत करून घ्यायचंय. आम्ही दोघांनी पुष्कळ डोकं लढवलं.”

चष्मेवाल्याने मान वर केली. आणि बघता बघता त्या फाटक्या सदऱ्यातल्या माणसाच्या तोंडावर उजेड आला. इतक्या वर्षांची सवय ती, तिला शोक कळत नाही. डोळे बारीक झाले, अंगठा वर आला, पाठ ताठ झाली, ओठ हलले. उत्तर त्याला येत होतं. अगदी सहज येत होतं. घशात तो सूर उमटलाही. तेवढ्यात त्याला आपण कशावर बसलोय ते जाणवलं. अंगठा खाली आला. त्याने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

“आता नाही बोलता येत,” तो पुटपुटला. “सात दिवसांनी सांगतो.”

“कोणाला?” बाईंनी विचारलं.